गेटवर अडवलेला एसी : भाड्याच्या घरातल्या सामानाचं एक प्रकरण

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. घर सोडून चाललेल्या एका भाडेकरूंचा टेम्पो त्यानं गेटवर थांबवला होता. फ्लॅटच्या मालकीणबाईंच्या मुलानं त्याला आधीच बजावलं होतं, "बाकी सगळं जाऊ दे, एसी बाहेर जाता कामा नये." टेम्पोत गाद्या, डबे, मुलाची सायकल आणि सगळ्यात मागे दोरीनं आवळून बांधलेला दीड टनाचा स्प्लिट एसी होता. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. खाली गेलो, पाच मिनिटं दोघांचं ऐकलं आणि एसी उतरवून सोसायटीच्या ऑफिसात ठेवायला लावला. भांडण थांबलं म्हणून त्या क्षणी मला बरं वाटलं. पण मी केलं ते चूक होतं. का, ते पुढे येईलच.

हे प्रकरण मिटायला सोळा दिवस लागले. दोन्ही घरांच्या संमतीनं ते इथे मांडतो आहे. नावं देत नाही. आकडे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण अशा वादात सगळा जीव आकड्यांत आणि तारखांतच असतो.

फ्लॅट पुण्यातला, कोथरूडच्या बाजूचा, दोन बेडरूमचा. मालकीणबाई बहात्तर वर्षांच्या. नवरा गेल्यावर त्या नाशिकला मुलाकडे राहायला गेल्या आणि घर भाड्यानं दिलं. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो. भाडेकरू लातूरकडचं जोडपं. तो बँकेत, ती घरून शिकवण्या घेणारी. आले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. १ जून २०२२ ला पहिला करार झाला, अकरा महिन्यांचा. मग १ मे २०२३ चा दुसरा, १ एप्रिल २०२४ चा तिसरा. एकूण तेहेतीस महिने. शेवटचं भाडं २४,००० आणि डिपॉझिट पहिल्यापासून ७०,०००. तिन्ही करार ऑनलाइन नोंदवलेले. तेहेतीस महिन्यांत भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलं नव्हतं. काकू संक्रांतीला आल्या की तिळगूळ घ्यायला भाडेकरूंकडेच थांबायच्या. म्हणजे वाईट माणसांचं हे प्रकरण नाही. म्हणूनच मला ते लिहावंसं वाटलं.

घर रिकामं होण्याच्या आदल्या दिवशी काकूंच्या मुलानं नाशिकहून येऊन पाहणी केली आणि कागदावर हिशेब मांडला. वॉशिंग मशिन बंद आहे, नवीन घ्यायला १८,०००. सोफा फाटला आहे, १२,०००. रंग १५,०००. एकूण ४५,०००. म्हणजे डिपॉझिटचे २५,००० परत. शिवाय एसी आणि गिझर घराचे, ते इथेच राहणार. भाडेकरू नवऱ्यानं कागद वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. एसीचे पैसे त्यानं स्वतः मोजले होते आणि गिझरही त्यानंच आणला होता.

त्या रात्री त्याचा मला फोन आला. एका मित्रानं त्याला सल्ला दिला होता, "डिपॉझिट हातात पडेपर्यंत किल्लीच देऊ नकोस." हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडावंच लागतं. न सोडल्यास ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागते. त्याच्या बाबतीत महिन्याला ४८,०००, म्हणजे दिवसाला सोळाशे. दीड महिना किल्ली दाबून ठेवली असती तर सगळं डिपॉझिट त्यातच गेलं असतं आणि वर देणं लागलं असतं. त्यानं किल्ली वेळेवर दिली, मुलाकडून व्हॉट्सॲपवर 'किल्ली मिळाली' असं लिहून घेतलं. पुढे सगळं त्याच्या बाजूनं उभं राहिलं त्याला ही ओळ मोठं कारण होती.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपण बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, मीही म्हणतो आहे. पण लिव्ह अँड लायसन्सच्या करारात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, तो लायसेन्सी असतो. त्याला घर वापरायची परवानगी असते, घरात हक्क निर्माण होत नाही. त्यामुळे दुरुस्ती करून भाड्यातून खर्च कापून घेण्यासारखे जे हक्क १९९९ च्या कायद्यानं भाडेकरूला दिले आहेत, ते लायसेन्सीला थेट लागू होत नाहीत. त्याच्यासाठी आधी करार बघायचा, मग १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम, ज्याला वकील मंडळी ईझमेंट ॲक्ट म्हणतात, आणि मग १८७२ चा करार कायदा. जुने कायदे आहेत, पण सामानाच्या बाबतीत फार नेमके आहेत.

मी तिन्ही करार मागवले. पहिल्या कराराच्या शेवटी एक परिशिष्ट होतं: सोफा १, डायनिंग टेबल १, खुर्च्या ४, लाकडी कपाट १, वॉशिंग मशिन १, गिझर १, पंखे ४, ट्यूब ७. दुसऱ्या आणि तिसऱ्या करारात एजंटनं फक्त 'फर्निचर पूर्वीप्रमाणे' असं टाकून दिलं होतं. एसी तिन्हींत कुठेच नाही. कोणती वस्तू किती जुनी, कोणत्या अवस्थेत, हेही नाही. 'वॉशिंग मशिन १' एवढंच. ते कालच दुकानातून आलेलं की दहा वर्षं घासलेलं, हे त्या 'एक'मध्ये कळत नाही. मी इतकी वर्षं सोसायटीत करारांच्या प्रती जमा करून घेतो आहे, त्यातल्या बहुतेकांत ही यादी अशीच असते. कधी तर नसतेच.

एसीपासून सुरुवात करतो, कारण तोच गेटवर अडला होता.

या जोडप्याच्या आधी त्या घरात एक आयटीतला मुलगा राहायचा. एसी त्यानं स्वतःच्या पैशानं घेतला होता. घर सोडताना त्यानं नव्या लोकांना विचारलं, "काढून नेण्यात अर्थ नाही, नऊ हजारात ठेवता का?" यांनी ४ जून २०२२ ला यूपीआयवर ९,००० पाठवले. एसीचं मूळ बिल त्यानं पीडीएफ करून पाठवलं, ते त्याच्याच नावाचं. यांच्या लेखी विषय तिथे संपला.

काकूंच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते पोकळ नव्हतं. तो म्हणाला, जुना मुलगा जाताना रंगाचे आठ हजार द्यायला तयार नव्हता. "एसी राहू दे, रंगाचे कापू नका," असं तोच बोलला होता. म्हणजे एसी तेव्हाच आमचा झाला. आमचीच वस्तू त्यानं परस्पर यांना विकली, तर त्याला आम्ही काय करणार?

हे ऐकल्यावर माझी पहिली समजूत डळमळली. बिल कुणाच्या नावाचं आणि पैसे कुणी दिले एवढ्यावर मालकी ठरत नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम २७ साधं आहे: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. जुन्या मुलानं एसी खरोखर काकूंना देऊन टाकला असेल, तर तो त्याला विकताच येत नव्हता. मग या जोडप्याला आपले नऊ हजार त्या मुलाकडे मागावे लागले असते आणि एसी घरातच राहिला असता. भाडेकरूंमध्ये आपसात असे व्यवहार रोज होतात. कूलर, गाद्या, शेगडी, इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर, सगळं एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि मालकाला कळतही नाही. पुढे अडचण येते ती अशी.

जुना मुलगा आता बेंगळुरूला असतो. त्याचा नंबर यांच्याकडे होताच. आम्ही स्पीकरवर फोन लावला, समोर काकूंचा मुलगाही बसलेला. फोनवरून जुना मुलगा म्हणाला, "हो, तसं बोलणं झालं होतं. पण तुम्ही तरीही रंगाचे आठ हजार कापलेत, म्हणून मी एसी विकला." आणि त्यानं तेव्हाचा शेवटच्या हिशेबाचा मेसेज पुढे पाठवला. काकूंच्या मुलानंच टाईप केलेला. त्यात 'रंग ८,०००' स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन वर्षं नऊ महिन्यांपूर्वीचा मेसेज होता, विसरला असणं शक्य आहे. त्यानं तो दोनदा वाचला आणि "बरोबर आहे" म्हणाला. मला त्याचं फार कौतुक वाटलं. पुष्कळ लोक या टप्प्यावर आवाज चढवतात.

एक प्रश्न उरला होता. एसी भिंतीला ठोकलेला, भिंतीला भोक पाडून पाइप नेलेला. मग तो घराचा भाग होतो का? मुलाला एका वकिलानं सांगितलं होतं की फिटिंग मालकाचंच असतं. हे अर्धं खरं आहे. १९९९ च्या कायद्यात 'प्रिमायसेस' या व्याख्येत इमारतीच्या अधिक लाभदायक उपभोगासाठी बसवलेली फिटिंग येतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ मध्येही जमिनीशी जोडलेली वस्तू कोणती हे सांगताना कसोटी अशीच आहे: ती ज्याला जोडली त्याच्या कायमस्वरूपी उपभोगासाठी जोडली का? दरवाजाची कडी, बेसिन, काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली ओट्याखालची चौकट हे घरासाठी असतं. ते उचकटलं तर घर अपुरं होतं. चार स्क्रूंवर टांगलेला एसी माणसासाठी असतो. तो काढला तर घर जसं होतं तसं राहतं, फक्त एक भोक बुजवावं लागतं. ते भोक बुजवणं मात्र नेणाऱ्याचं काम. याच नियमानं खिडक्यांच्या चौकटीत खिळ्यांनी ठोकलेल्या मच्छरजाळ्या यांनी आपणहून सोडल्या. काढल्या असत्या तर चौकटी खराब झाल्या असत्या.

तर एसी भाडेकरूंचा. आणि माझी चूक ती इथे. कुणाची वस्तू हे ठरवायचा अधिकार सोसायटीला नाही आणि गेटवर तर मुळीच नाही. आमच्या घर सोडण्याच्या अर्जात एक ओळ छापलेली होती: 'मालकाच्या ना-हरकतीशिवाय सामान बाहेर नेता येणार नाही.' चोरी होऊ नये म्हणून कुणीतरी वर्षांपूर्वी ती घातली असावी. पण तिचा परिणाम असा, की एखाद्याची स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या मर्जीवर अडकते. आणि सेक्युरिटी गार्ड, जो महिन्याला जेमतेम पगार घेतो, तो त्या भांडणात पुढे उभा राहतो. मालकाला वाटत असेल की वस्तू आपली आहे, तर त्यानं न्यायालयात मागावी किंवा हिशेबात धरावी. त्या संध्याकाळी मी सामानाची यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन टेम्पो जाऊ द्यायला हवा होता. सोळा दिवस तो एसी आमच्या ऑफिसात रजिस्टरच्या कपाटाला टेकून उभा होता आणि ये-जा करताना मला तो दिसत होता.

गिझरचं प्रकरण सोपं वाटलं होतं, पण त्यात एक गाठ निघाली. घरचा जुना गिझर नोव्हेंबर २०२३ मध्ये करंट मारायला लागला. नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. घरात लहान मूल. बायकोनं काकूंना फोन केला, काकू म्हणाल्या, "अगं, लगेच नवा बसवून घे, पैशाचं नंतर बघू." यांनी ७,८०० चा नवा आणला. जुना प्लंबरनं मजुरीत वळवून भंगारात नेला. नंतर कुणी काही बघितलं नाही.

करार कायद्याच्या कलम १५० मध्ये असं आहे, की वस्तू भाड्यानं दिली असेल आणि तिच्या दोषामुळे वापरणाऱ्याचं नुकसान झालं, तर दोष माहीत नव्हता म्हणून देणाऱ्याची सुटका होत नाही. घरासोबत दिलेल्या उपकरणांना हे कलम लावता येतं असं माझं मत आहे, कारण त्यांचाही मोबदला भाड्यातच धरलेला असतो. तेव्हा बिघडलेल्या गिझरचा खर्च काकूंचा, यात मला शंका नव्हती. पण गाठ अशी, की यादीत 'गिझर १' आहे आणि जुना तर गेला. हे लोक नवा काढून घेऊन गेले असते तर यादीतली वस्तू कमी भरली असती. म्हणून गिझर घरात ठेवायचा आणि त्याचे आजच्या किमतीनं पैसे काकूंनी द्यायचे. पंधरा महिने वापरलेला, ४,५०० ठरले. मला विचाराल तर ही रक्कम कमी होती. काकूंनीच आणायला सांगितलेला होता, पूर्ण बिलही मागता आलं असतं. पण काकूंचं ते बोलणं फोनवरचं, आणि भाडेकरू बाई म्हणाली, "सव्वा वर्षं त्याच पाण्यानं अंघोळ केली, असू दे."

वॉशिंग मशिनवर मात्र मी अडून बसलो. जानेवारी २०२५ मध्ये त्याची मोटर जळाली. मेकॅनिकनं लिहून दिलं होतं की बेअरिंग पूर्ण झिजलेलं आहे. मुलगा म्हणायचा, "आम्ही चालू दिलं, तुम्ही बंद दिलं, सरळ आहे."

सरळ नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असेल तर करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे आपण ती तितकीच जपायची, जितकी कुणीही सामान्य समंजस माणूस तशाच परिस्थितीत स्वतःची जपेल. एवढं केल्यावरही ती बिघडली, तर कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तेव्हा, जबाबदारी येत नाही. मशिन २०१३ चं. हे काकूंनीच सांगितलं, त्यांच्या मिस्टरांनी निवृत्त झाले त्या वर्षी घेतलं होतं. बारा वर्षं चाललेल्या मशिनचं बेअरिंग झिजणं याला झीज म्हणतात, नुकसान नाही. आणि समजा नुकसान असतं, तरी भरपाई नव्या मशिनची मिळत नाही. जे गेलं त्याचीच मिळते. गेलं ते बारा वर्षांचं मशिन.

पण ते घेतानाच जुनं होतं हे दाखवायचं कसं? इथे एक फोटो उपयोगी पडला. घरात राहायला आल्या दिवशी यांनी रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं होतं, आणि लातूरला सासूबाईंना पाठवायला त्याचा फोटो काढला होता. गॅसवर पातेलं, फेस वर आलेला, आणि मागे ड्राय बाल्कनीत तेच वॉशिंग मशिन. झाकणाच्या कडेला गंज आणि बिजागरीला खाकी चिकटपट्टी. १ जून २०२२ तारीख फोटोतच. वर यांनी २०२३ मध्ये त्याची एकदा २,२०० रुपये देऊन दुरुस्ती करून घेतली होती आणि ते कधी मागितलेही नव्हते. मशिनचे अठरा हजार शून्यावर आले.

सोफ्यावर भाडेकरूंची बाजू लंगडी होती. रेक्झिन बसून बसून फाटलं नव्हतं, त्यांच्या लहान मुलानं पेन्सिलीनं भोसकलं होतं. ते त्यांनी लगेच कबूल केलं. कारागिरानं नवं कव्हर घालायला ६,५०० सांगितले. सोफाही जुना, म्हणून ४,००० ठरले. रंगाचंही थोडक्यात सांगतो: तेहेतीस महिन्यांत भिंती फिक्या पडणारच, त्याचे पैसे नाहीत. पण मुलाच्या खोलीत खडूंनी कंबरेच्या उंचीपर्यंत आगगाड्या काढलेल्या होत्या, त्या एका खोलीचे ३,०००.

आणि मग कपाट.

रविवारी, १६ मार्चला, आम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसलो होतो. मुलाच्या यादीत कपाट नव्हतंच. काकू पहिला तासभर गप्प होत्या. एसी, मशिन, सोफा यांवर त्यांचं लक्षही नव्हतं. मग एकदम म्हणाल्या, "माझं कपाट पावसात ठेवलं होतं का रे तुम्ही?"

सागवानी कपाट, त्यांच्या लग्नात माहेरून आलेलं. आरसा बेल्जियमचा आहे असं त्यांचे वडील सांगायचे म्हणे. बेडरूम लहान पडते म्हणून भाडेकरूंनी ते ड्राय बाल्कनीत हलवलं होतं आणि त्यात झाडू, बादल्या, कांद्याबटाट्याची टोपली ठेवायचे. दोन पावसाळ्यांची झड खाऊन त्याचे पाय फुगले होते, खालची फळी वाकली होती आणि पॉलिश पांढरं पडलं होतं. आल्या दिवशीचा दुसरा एक फोटो होता, बेडरूममध्ये मूल त्या कपाटाच्या आरशात बघतंय असा. म्हणजे कपाट तेव्हा आत होतं आणि धड होतं. ज्या फोटोंनी मशिनचे पैसे वाचवले, त्यांनीच कपाटाची जबाबदारी ठरवली. मी ते फोटो टेबलावर ठेवले होते, आता मागे घेता येणार नव्हते, आणि घेऊही नयेत.

कलम १५१ ची कसोटी इथेही तीच. स्वतःचं सागवानी कपाट कुणी झड येणाऱ्या बाल्कनीत ठेवेल का? भाडेकरू बाईला वादच घालायचा नव्हता. ती रडायलाच लागली. "काकू, मला वाटलं जुनं आहे, तुम्हाला नको असेल म्हणून इथे ठेवलंय." त्यावर काकू म्हणाल्या, "नको असतं तर यादीत कशाला लिहिलं असतं बाळा?" सुताराकडून अंदाज घेतला, पाय बदलून पॉलिश करायला ५,५००. यांनी एक रुपया कमी करायला सांगितला नाही.

मला या वादातलं सगळ्यात खरं वाक्य काकूंचं ते वाटतं. सामान ज्याचं, त्याची त्यातली गुंतवणूक पैशात दिसत नाही. मुलानं अठरा हजार मागितले त्या मशिनची काकूंना फिकीर नव्हती, आणि ज्याच्यावर त्यांचा जीव होता त्याचं नाव मुलाच्या कागदावर नव्हतं. घर देताना काकूंनी यांना सगळं घर फिरून दाखवलं असतं, "हे माझ्या माहेरचं आहे, याला जपा" एवढं एक वाक्य बोलल्या असत्या, तर कपाट बाल्कनीत गेलंच नसतं. पण घर दाखवलं एजंटनं, सह्या झाल्या अंगठा लावायच्या मशिनवर, आणि यादी टाईप केली ज्यानं ते सामान कधी पाहिलं नव्हतं अशा माणसानं.

एक वस्तू उलट्या बाजूची. टेम्पोत जागा उरली नाही म्हणून यांनी आपली एक लोखंडी कॉट आणि स्टीलचं रॅक फ्लॅटमध्येच ठेवलं होतं. २८ तारखेलाच मेसेज टाकला, 'कॉट आणि रॅक ९ तारखेला रविवारी नेतो.' उत्तर आलं नाही. ६ मार्चला गुरुवारी मुलानं रंगारी लावले आणि दोन्ही वस्तू भंगारवाल्याला दिल्या. ९ तारखेला हे टेम्पो घेऊन आले तर खोली रिकामी.

मुलाचं म्हणणं, मुदत संपली, घर माझं, त्यात पडलेलं सामान किती दिवस सांभाळू? पण सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे मुदत संपली की लायसन्स मागे घेतल्यासारखं मानलं जातं, आणि कलम ६३ सांगतं की अशा वेळी लायसेन्सीला जागा सोडायला आणि त्यानं ठेवलेलं सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. नऊ दिवस वाजवी की नाही यावर वाद होऊ शकतो. पण ज्यानं तारीख लिहून कळवली आहे त्याला 'नाही जमणार, आधी न्या' असं साधं उत्तरही न देता सहाव्या दिवशी सामान भंगारात घालणं कोणत्याही हिशेबानं वाजवी नाही. सोडून दिलेलं सामान आणि मागे राहिलेलं सामान यांत फरक आहे. ज्याची तारीख सांगितली आहे ते सोडून दिलेलं नसतं. नवरा पोलिसांत जायच्या विचारात होता, मी त्याला थांबवलं. पैशाच्या हिशेबात बसणारी गोष्ट चौकीत नेली की हिशेब बाजूला पडतो. दोन्ही वस्तूंचे ४,००० धरले.

राहिला एसी. भाडेकरूंच्या नव्या घरात एसी होताच, आणि काकूंच्या मुलाला पुढच्या भाडेकरूसाठी तो हवा होता. इतके दिवस ज्याच्यावरून भांडले तो एसी त्यानं ६,००० ला विकत घेतला. पुन्हा बसवायचा खर्च त्याचा.

हिशेब असा झाला. काकूंकडून देणं: डिपॉझिट ७०,०००, गिझर ४,५००, एसी ६,०००, कॉट आणि रॅक ४,०००, मिळून ८४,५००. त्यातून वजा: सोफा ४,०००, कपाट ५,५००, रंग ३,०००, म्हणजे १२,५००. भाडेकरूंना ७२,०००. चाळीस हजार तिथेच यूपीआयनं गेले, बाकीचे बत्तीस हजार महिन्याच्या आत द्यायचं ठरलं आणि दिले गेले. एका कोऱ्या कागदावर वस्तुनिहाय आकडे लिहून, 'यापुढे एकमेकांकडे सामान, डिपॉझिट वा भाडे यांपैकी काहीही येणे नाही' असं टाकून दोघांच्या सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणून मी आणि खजिनदार.

मिटलं नसतं तर काय? भाडेकरूंना डिपॉझिटसाठी दिवाणी दावा करावा लागला असता. नोंदणीकृत करार होता हे दोघांचंही नशीब. करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. तो नसता तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. त्याच कायद्याच्या कलम २४ खालच्या, म्हणजे घर रिकामं करून घेण्याच्या, कामात लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानतात. म्हणजे यादीत 'कपाट १' होतं ते काकूंना तारून गेलं असतं, आणि यादीत एसी नव्हता ते मुलाला नडलं असतं.

एप्रिलच्या सोसायटीच्या सभेत मी त्या अर्जावरची ओळ काढायचा ठराव मांडला. दोन-तीन मालकांनी विरोध केला, "मग भाडेकरू पंखेसुद्धा काढून नेतील." मी त्यांना त्यांचेच करार काढून दाखवायला सांगितले, पंखे किती लिहिले आहेत बघा म्हटलं. ठराव झाला. आता अर्जात ओळ आहे ती अशी: सामान नेण्याच्या वेळी मालक आणि राहणारा यांनी करारातली यादी समोर ठेवून दोघांनी सही करावी, मतभेद असल्यास तो लिहून ठेवावा, सामान अडवलं जाणार नाही.

फ्लॅटला मे महिन्यात नवे भाडेकरू आले. करारातली यादी यावेळी काकूंनी स्वतः बसून सांगितली, मुलगा लिहीत होता. एसीसमोर खरेदीची तारीख आणि 'दुसऱ्या हातचा', गिझरसमोर 'नोव्हेंबर २०२३', सोफ्यासमोर 'नवे कव्हर'. वॉशिंग मशिन नाही. कपाटही नाही. ते पॉलिश होऊन आलं तसं काकूंनी नाशिकला नेलं. टेम्पोत चढवताना चारही पायांना जुन्या साड्या गुंडाळलेल्या होत्या आणि काकू स्वतः गेटपर्यंत मागे चालत आल्या होत्या.